लेहचे एक छत आणि आंद्रे अलेक्झांडर

बार्शी तालुक्यातील आमच्या आजोळच्या घराला माळवद, म्हणजे मातीचे सपाट छत, होते. मृगाच्या आधी मामा बैलगाडी घेऊन जुन्या पडक्या गढीकडे जात, तिथली पांढरी माती आणत आणि माळवदावर तिचा एक नवा थर पसरत. दरवर्षी एक थर, असे मी लहानपणी किमान आठ-दहा वेळा पाहिले. तो थर खाली ज्या तुळयांवर आणि किलचनावर, म्हणजे लाकडी चिपांच्या थरावर, बसत होता, त्यांना तो किती जड होत असेल, हा विचार माझ्या मनात पुढे आर्किटेक्चरची पदवी घेतानाही कधी आला नाही. महाविद्यालयात आम्हाला काँक्रीटच्या स्लॅबचे वजन काढायला शिकवले. मातीच्या छताचे वजन काढायला कोणी सांगितले नव्हते. ते मी 2018 च्या उन्हाळ्यात लेहच्या जुन्या वस्तीतील एका घराच्या छतावर शिकले, आणि ते शिकता शिकता मला एका माणसाची ओळख झाली, जो मी तिथे पोहोचण्याच्या सहा वर्षे आधीच वारला होता.

पुण्यात बारा वर्षे सोसायट्यांचे आराखडे काढल्यानंतर मी साडेतीन महिन्यांची बिनपगारी रजा घेतली होती. जुन्या लेहमध्ये मातीची घरे दुरुस्त करणाऱ्या एका लहानशा चमूला मोजमापे घेण्यासाठी आणि नकाशे काढण्यासाठी माणूस हवा होता. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात मी विमानाने उतरले. साडेतीन हजार मीटर उंचीवर पहिले दोन दिवस खोलीतच पडून राहावे लागते, तसे राहिले. तिसऱ्या दिवशी राजवाड्याच्या खालच्या उतारावर, दोन माणसे अंग चोरूनच एकमेकांना ओलांडू शकतील अशा बोळातून चढत मी त्या घरी गेले.

लेहचा नऊ मजली राजवाडा सतराव्या शतकात राजा सेंगे नामग्याल याच्या काळात उभा राहिला, आणि त्याच्या पायथ्याशी दरबारी, कारभारी, व्यापारी यांची घरे दाटीने वसली. खालचा मजला दगडाचा, वरचे मजले उन्हात वाळवलेल्या विटांचे, आणि सगळ्यांवर सपाट मातीचे छत. एकोणिसाव्या शतकात डोगरा सैन्याने लडाख जिंकल्यावर राजघराणे सिंधूपलीकडे स्तोकला गेले आणि राजवाडा रिकामा झाला. वस्ती मात्र राहिली. ती ओस पडू लागली ती अलीकडे, लष्करी रस्ते आले, पर्यटन आले, आणि ज्यांना परवडत होते त्यांनी शहराबाहेर मोकळ्या जागेत काँक्रीटची घरे बांधली तेव्हा. जुनी घरे कमी भाड्याने बाहेरून आलेल्या मजुरांकडे गेली, आणि भाडेकरू काही छतावर माती टाकत नाही, टाकणारही नाही.

मी ज्या घरात काम केले, तिथे मात्र मालकीणबाई स्वतः राहत होत्या. त्या सत्तरीच्या पुढच्या होत्या. सगळे त्यांना अबी-ले म्हणत, म्हणजे आजी, आणि मीही तेच म्हणू लागले. मुलगा शहराबाहेर राहायला गेला होता आणि आईने तिकडे यावे म्हणून दोन वर्षे मागे लागला होता. अबी-ले म्हणत, वरच्या मजल्यावर देवघर आहे, तिथे रोज सात वाट्यांत पाणी कोण भरणार? छत गळत होते, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात एक तुळई वाकली होती, आणि भिंतीवर ओलीचा एक डाग वर्षभरात वीतभर वर सरकला होता.

चमूचे मुख्य मिस्त्री पन्नाशीचे होते. मी त्यांना अचो-ले, म्हणजे दादा म्हणत असे; ते मला नोमो-ले, म्हणजे धाकटी बहीण. आमचे बोलणे हिंदीत चाले. पहिल्या दिवशी मी टेप आणि वही काढली, तेव्हा त्यांनी मला आधी घर मोजू दिले नाही. म्हणाले, आधी अबी-लेंकडे बस, चहा पी, आणि विचार: या घरात किती माणसे झोपतात, नळ कुठे आहे, हिवाळ्यात चूल कोणत्या खोलीत हलते, तुम्हाला काय बदलून हवे आहे. हे सगळे लिहून घे. मग मोज. मला वाटले, हा त्यांचा स्वतःचा शिरस्ता असेल. ते म्हणाले, "आंद्रेने असेच शिकवले आहे."

त्या दिवसापासून हे नाव मी जवळजवळ रोज ऐकले. आंद्रे अलेक्झांडर हे बर्लिनचे. 1965 साली जन्मलेला हा माणूस ऐंशीच्या दशकात, विशीत असताना, तिबेटमध्ये पोहोचला आणि ल्हासाच्या जुन्या वस्तीच्या प्रेमात पडला. जोखांग मंदिराभोवतीच्या बारखोर या प्रदक्षिणेच्या रस्त्यालगत दगडी भिंतींचे, लाकडी खांबांचे, मोठ्या अंगणांचे शेकडो वाडे होते, आणि नव्वदीत ते एकामागून एक पाडले जात होते. आंद्रे आधी फक्त नोंद करत राहिले: कोणते घर, कोणत्या घराण्याचे, किती मजले, आत कोण राहते, छायाचित्र, नकाशा. पुढच्या खेपेला यावे तर त्या नोंदीतील काही घरे जागेवर नसत. 1996 मध्ये पिंपिम द अझेवेदो यांच्यासह त्यांनी तिबेट हेरिटेज फंड ही संस्था काढली आणि नोंदींच्या जोडीला दुरुस्ती सुरू केली. तिबेटी सुतार आणि गवंडी यांच्यातील जुने जाणते शोधून काढले, त्यांच्या हाताखाली तरुण मुले दिली, आणि रहिवाशांना घराबाहेर न काढता एकेक वाडा हाती घेतला. संडास, पिण्याचे पाणी, सांडपाण्याची गटारे ही कामे छत आणि भिंतींच्या बरोबरीने केली. चार वर्षे हे चालले. 2000 साली चिनी अधिकाऱ्यांनी काम थांबवले आणि त्यांना ल्हासा सोडावे लागले.

या ठिकाणी कोणीही थकला असता. माझ्या मनात राहून राहून येते ते हेच की ज्या घरांसाठी तारुण्याची वर्षे दिली, तिथे परत जाता येत नाही हे कळल्यावर या माणसाने हिमालयाच्या अलीकडच्या बाजूला तशीच घरे शोधली. 2003 च्या सुमारास ते लेहमध्ये आले आणि पुन्हा पहिल्यापासून तेच सुरू केले: घरोघरी जाऊन नोंद, नकाशा, कोण राहते, काय हवे आहे. पहिली मोठी कामे बोळांतील होती. उघड्यावरून वाहणारे सांडपाणी बंदिस्त गटारात घेतले, वर दगडी फरशी घातली. मग घरे. दुरुस्तीच्या खर्चात घरमालकाचाही वाटा असला पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता, कारण ज्याने पैसे घातले तो पुढे छतावर चढून पाहतो. 2012 च्या जानेवारीत बर्लिनमध्ये त्यांचा मृत्यू झाला, वय सत्तेचाळीस. आर्किटेक्चरच्या आमच्या पाठ्यक्रमात हे नाव मी ऐकले नव्हते, आणि माझ्या ओळखीच्या कोणाही आर्किटेक्टने ऐकलेले नव्हते.

आता छताकडे येते. लडाखी छताची रचना खालून वर अशी असते: मुख्य तुळई, तिच्यावर हातभर अंतराने पॉप्लरच्या गोल वाशांची रांग, ज्यांना तिथे दुंगमा म्हणतात, वाशांवर साल काढलेल्या विलोच्या बोटभर जाडीच्या काठ्या अगदी चिकटून लावलेल्या, त्यांना तालू म्हणतात. खोलीत झोपून वर पाहिले की या काठ्यांची पांढरट विण दिसते, आणि बऱ्या घरात ती तिरपी, माशाच्या काट्यासारखी लावलेली असते. तालूवर गवत किंवा डोंगरातील याग्झस नावाचे काटकीसारखे झुडूप पसरतात, म्हणजे माती खाली झरत नाही. त्यावर ओली माती, मग कोरडी माती ठोकून, आणि सर्वांत वर मार्कालाक, एक अतिशय बारीक, फिकट रंगाची चिकणमाती, जी लेहच्या आसपास ठरावीक जागीच मिळते. आमच्याकडची तुळई, सर (म्हणजे वासे), किलचन, पाला आणि पांढरी माती ही उतरंड मी मनात लावून पाहिली, तर थराला थर जुळत होता. बार्शी आणि लेह यांमधले अंतर माझ्यासाठी त्या दिवशी बरेच कमी झाले.

अचो-लेंनी छताच्या चार कोपऱ्यांत आणि मध्यभागी असे पाच खड्डे घ्यायला लावले. खड्डा हातभर रुंद, आणि खणायचे ते खुरप्याने, फावड्याने नाही, कारण खाली तालू आहे. मी गुडघ्यावर बसून खणत होते. वरचा फिकट मार्कालाक सुटला, खाली राखाडी माती लागली, मग पुन्हा फिकट थर, मग कुजलेल्या गवताची काळी रेघ, पुन्हा माती. आग्नेय कोपऱ्यात मी सात थर मोजले. एका थरात प्लॅस्टिकच्या कागदाचा तुकडा निघाला. बहुधा एखाद्या पावसाळ्यात घाईने अंथरलेला. त्याच्या खालची माती मुठीत दाबली तर गोळा होत होती, म्हणजे पाणी तिथे अडकून राहिले होते, आणि त्याच्याच खालची तालू बोटाने दाबल्यावर स्पंजासारखी आत गेली.

सरासरी जाडी भरली बत्तीस सेंटिमीटर. खोली साधारण वीस चौरस मीटरची. संध्याकाळी वहीत हिशेब केला: सव्वासहा घनमीटरच्या वर माती, घनमीटरला सोळाशे-सतराशे किलो धरले तरी दहा टनांहून अधिक वजन त्या दुंगमांवर बसले होते. गळले की माती टाक, या एकाच उपायाने पिढ्यान्पिढ्या वजन वाढत गेले, वजनाने वासे वाकले, वाकलेल्या जागी पाणी साचले, साचल्यामुळे गळू लागले, आणि म्हणून पुन्हा माती. मी तो आकडा अचो-लेंना दाखवला. त्यांनी मान डोलावली आणि सांगितले की आंद्रे नव्या छतावर चढले की आधी खड्डा घेत आणि कारागिरांना हेच सांगत: आधी ओझे उतरवा, मग काय दुरुस्त करायचे ते दिसेल.

ओझे उतरवायला नऊ दिवस लागले. झारखंडहून आलेले चार मजूर, दोन लडाखी मुले आणि मी. माती पोत्यांत भरून बोळातून खाली न्यायची आणि चाळून ठेवायची, कारण तिच्यातीलच निम्मी पुन्हा वर जाणार होती. खालच्या खोलीत प्रत्येक तुळईखाली टेके लावले होते. अबी-ले त्या नऊही दिवस शेजारच्या खोलीत राहिल्या, आणि रोज चार वाजता खारट लोण्याच्या चहाची किटली घेऊन शिडीपर्यंत येत. त्यांना घराबाहेर हलवले असते तर काम चार दिवसांत झाले असते, असे मी एकदा म्हणाले. अचो-ले म्हणाले, हललेली माणसे परत येत नाहीत, हे आम्ही दहा घरांत पाहिले आहे.

वाकलेल्या तुळईचे दुखणे वेगळे निघाले. तिचे भिंतीत गेलेले टोक कुजले होते, आणि ते छताच्या पाण्याने कुजले नव्हते. शेजारच्या घरात काही वर्षांपूर्वी नळ आणि मोरी झाली होती. मोरीचा पाइप दोन घरांच्या मधल्या भिंतीला लागून खाली उतरत होता आणि सांध्यातून पाझरत होता. पूर्वी या घरांत पाणी बाहेरून भरून आणले जाई आणि मोजून वापरले जाई. संडास कोरडा, दुमजली: वर माती आणि राख टाकायची, खाली खत होते आणि वसंतात शेतात जाते. मातीच्या भिंतीजवळ वाहते पाणी जाण्याची वेळच येत नसे. नळाने सोय झाली, ती व्हायलाच हवी होती. पण पाणी बाहेर नेण्याची व्यवस्था त्याच्यासोबत आली नाही. बोळांतील गटारे घरांच्या आधी का झाली, हे मला त्या पाझरणाऱ्या सांध्याशेजारी उभे राहून समजले. आम्ही आधी शेजाऱ्यांचा पाइप बदलला, महिनाभर भिंत वाळू दिली, आणि मगच ट्रकचा जॅक लावून तुळई दिवसाला दोन-तीन मिलिमीटर अशी उचलली. कुजलेले टोक कापून त्या जागी नवे लाकूड लांब तिरक्या सांध्याने जोडले. सुताराने सांधा इतका बारीक बसवला की मला तो दिवा धरून शोधावा लागला.

जुलैच्या मध्यावर नवे छत चढू लागले. जुन्या दुंगमांपैकी बावीस टिकल्या, पाच बदलल्या. तालू सोलण्याचे काम मी शिकले. विलोची काठी ओली असते तेव्हाच साल एका ओढीत निघते, आणि हाताला येणारा कडवट वास रात्रीपर्यंत जात नाही. मातीचा एकूण थर पंधरा सेंटिमीटर ठरला आणि उतार ठरला पूर्वेच्या लाकडी पन्हळीकडे. ती पन्हळ आम्ही भिंतीपासून दीड हात पुढे काढली, कारण जुनी आखूड होती आणि पाणी भिंतीवरच ओघळत होते.

मार्कालाकचा शेवटचा थर देण्याचे काम मी मागून घेतले. बाटलीत माती आणि पाणी हलवून ठेवले, वाळू किती आणि चिकण किती हे थरांवरून पाहिले, आणि माझ्या अंदाजाने मिश्रण केले. पाच सेंटिमीटरचा थर एकाच दिवशी, एकाच दमात दिला. लेहच्या कोरड्या वाऱ्याचा हिशेब मी धरला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी वर गेले तर सगळ्या छतावर भेगांचे जाळे पसरले होते, काहींत करंगळी जात होती. मला अतिशय वाईट वाटले. खाली अबी-लेंना हे कसे सांगावे, हेच कळेना. अचो-लेंनी एक तुकडा उचलला, पाण्याच्या वाडग्यात टाकला आणि मला तो विरघळताना पाहायला लावले. मग म्हणाले, माती वाया जात नाही, भिजव आणि पुन्हा कर. आम्ही सगळा थर खरवडून काढला, चाळलेली वाळू आणि बारीक कापलेला पेंढा मिसळून तो दोन पातळ थरांत दिला, ओल्या पोत्यांनी झाकला, आणि अर्धवट वाळल्यावर नदीच्या गुळगुळीत गोट्यांनी घासला. घासताना गोट्याखाली मातीचा आवाज बदलतो. आधी खरखर, मग हळूहळू चामड्यासारखा मऊ. तो आवाज आला की थांबायचे.

ल्हासातील छतांवर अर्गा नावाचा वेगळा लगदा असतो, आणि तो ठोकताना कामकरी बाया-पुरुष दगड लावलेल्या काठ्या घेऊन रांगेत गात पुढे-मागे सरकतात. आंद्रेंच्या चमूने ती पद्धत जुन्या कारागिरांकडूनच नव्या मुलांना दिली होती. त्यांचा बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठातील डॉक्टरेटचा विषयही ल्हासाचे पारंपरिक घर हाच. लेहमध्ये त्यांचे एकच नवे बांधकाम मला ठळकपणे दिसले: मध्य आशियाकडे जाणारे काफिले जिथे उतरत, त्या छास सोमा बागेतील मध्य आशियाई संग्रहालय, दगड आणि मातीचे, बुरुजासारखे उंच. बाकी सारे काम इतरांच्या घरांत मिसळून गेलेले आहे. लाल मैत्रेयाच्या, म्हणजे भावी बुद्धाच्या, जुन्या देवळात जाणारा भाविक चित्रे पाहतो. भिंत कोणी सावरली ते त्याला दिसत नाही. हे नाव कमी लोकांना माहीत असण्याचे कारण मला त्यातच दिसते, आणि मला ते खटकते. इमारतीवर स्वतःची खूण न ठेवणाऱ्यांची नोंद ठेवण्याची सवय आमच्या व्यवसायाला लागायला हवी.

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात रात्री पाऊस आला. लेहमध्ये वर्षाला जेमतेम शंभर मिलिमीटर पाऊस पडतो, पण 2010 च्या ऑगस्टमधील ढगफुटीत दोनशेहून अधिक माणसे गेल्यापासून रात्रीच्या पावसाचा आवाज आला की तिथे कोणी झोपत नाही. मी भाड्याच्या खोलीतून बॅटरी घेऊन धावत अबी-लेंच्या घरी गेले. अचो-ले आधीच आले होते. अबी-ले स्वयंपाकघरात बसल्या होत्या, हातातील जपमाळ थांबली होती आणि डोळे तालूकडे होते. आम्ही तिघे तासभर काहीही न बोलता वर पाहत बसलो. बाहेर पन्हळीतून पाणी बोळातल्या फरशीवर पडत होते, भिंतीपासून दूर. पाऊस थांबल्यावर अबी-ले उठल्या, कोपऱ्यातील भिंतीला, जिथे तो डाग होता तिथे, तळहात लावून उभ्या राहिल्या, आणि मग चुलीवर चहा ठेवला.

दिवाळीत मी बार्शीला आजोळी गेले. माळवद गळत होते. मामा म्हणाले, आता वय झाले, माती वाहणे होत नाही. पत्रे टाकावेत की सगळे पाडून स्लॅब घालावा, तूच सांग, तू आर्किटेक्ट. मी मामीकडून खुरपे मागून घेतले आणि वर चढले. धुराड्याजवळ, नैर्ऋत्य कोपऱ्यात आणि मध्यभागी असे तीन खड्डे घेतले. मध्यभागी माती बेचाळीस सेंटिमीटर भरली, थर नऊ. मामा जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून पाहत होते. मी त्यांना थर दाखवले आणि म्हणाले, मामा, अजून काही ठरवू नका. आधी निम्मी माती खाली उतरवू, किलचन कसे आहे ते पाहू. त्यांनी वाकून एका फिकट थरावर बोट ठेवले आणि म्हणाले, "हा बहात्तरच्या दुष्काळाच्या आधीचा असेल. त्या साली वर माती टाकलीच नव्हती, पाऊसच नव्हता."